सुरकुतलेला वाटाणा आणि मुदखेडची हळद

शालेय विज्ञानात स्टार्च दोनदा भेटतो आणि दोन्ही वेळा अर्धाच भेटतो. पहिल्यांदा बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब पडतो, फोड निळी-काळी होते, वहीत निरीक्षण आणि अनुमान लिहिले जाते आणि विषय मिटतो. दुसऱ्यांदा तो वेष पालटून येतो, त्यामुळे ओळखूच येत नाही. आनुवंशिकतेच्या धड्यात मेंडेलचा गोल वाटाणा आणि सुरकुतलेला वाटाणा असतो. गोलासाठी मोठा 'आर', सुरकुतलेल्यासाठी छोटा 'आर', मग चौकट, मग ३:१. वाटाणा गोल असतो म्हणजे त्याच्या आत नेमके काय घडलेले असते, हे विचारायला त्या चौकटीत जागा नाही. तेथे जे घडलेले असते ते स्टार्चचे असते, आणि ही गोष्ट १९९० पासून जगाला ठाऊक आहे.

महाराष्ट्रात २०१७ साली आलेल्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मेंडेलचे प्रयोग आहेत. २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात डीएनएपासून प्रथिन कसे तयार होते, याचे वर्णन आहे. स्टार्च तर त्याआधीच शिकवून झालेला असतो. म्हणजे तिन्ही तुकडे मुलांच्या दप्तरात आहेत. ते एकमेकांना जोडणारे वाक्य मात्र कोठेच नाही. आमची टीका या न जोडण्यावर आहे. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांवर पानांचे, तासिकांचे आणि परीक्षेचे बंधन असते, हे आम्ही जाणतो. पण न जोडल्यामुळे आनुवंशिकता हा अक्षरांचा खेळ होऊन बसतो, आणि तो खेळ मुलांच्या स्वतःच्या शेतात उतरला की चक्क चुकीची उत्तरे देऊ लागतो. कसा, ते पुढे पाहू.

आधी वाटाणा. मेंडेलने १८६५ साली ब्र्यून येथे वाचलेला आणि १८६६ साली छापलेला निबंध सर्वांना नावाने माहीत असतो. त्यातल्या दुसऱ्या पिढीच्या मोजणीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे होते, गुणोत्तर २.९६ : १. हा 'आर' म्हणजे कोणता पदार्थ, हे मेंडेलला कळण्याची शक्यताच नव्हती. इंग्लंडमधील नॉरिच येथील जॉन इनेस संस्थेत मदन भट्टाचार्य, अॅलिसन स्मिथ, कॅथी मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९९० साली शोधून काढले. मेंडेलच्या दाण्यांतही हाच बदल होता असे आज मानले जाते.

त्यांना काय सापडले, हे समजण्यासाठी स्टार्चची घडण थोडी पाहावी लागेल. स्टार्च हा एकच एक पदार्थ नाही. त्यात दोन प्रकारचे रेणू असतात आणि दोन्ही ग्लुकोजच्याच मण्यांचे बनलेले असतात. एक अमायलोज: जवळजवळ सरळ माळ. दुसरा अमायलोपेक्टिन: फांद्या फुटलेले झाड. बहुतेक पिकांत अमायलोज पाव हिस्सा किंवा त्याच्या आसपास आणि उरलेला अमायलोपेक्टिन असतो. माळेला फांदी फोडण्याचे काम एक विकर करते. ते सरळ माळेचा तुकडा तोडते आणि दुसऱ्या जागी कलमासारखा बसवते. फांद्या जितक्या जास्त तितकी माळेची मोकळी टोके जास्त, आणि नवे मणी जोडले जातात ते टोकांनाच. म्हणून फांद्या फोडणारे विकर धड नसेल तर स्टार्चचा आकार बदलतोच, शिवाय एकूण स्टार्चही कमी तयार होतो.

छोटा 'आर' म्हणजे या विकराचे बिघडलेले जनुक. ते गळालेले नाही. त्याच्या मध्येच सुमारे ८०० अक्षरांचा एक परका डीएनए तुकडा येऊन बसला आहे. डीएनएच्या लांब पट्टीत एका जागेहून दुसऱ्या जागी उड्या मारणारे असे तुकडे असतात. त्यांतलाच हा एक. वाक्याच्या मध्ये दुसऱ्याच पुस्तकातला परिच्छेद शिरावा तसे झाले आणि विकराची कृती निरर्थक ठरली. पुढची साखळी विद्यार्थ्यांकडून वदवून घेण्यासारखी आहे. विकर नाही, म्हणून फांद्या कमी. फांद्या कमी, म्हणून स्टार्च कमी. स्टार्च झाला नाही, म्हणून साखर तशीच शिल्लक. साखर जास्त, म्हणून परासरणाने वाढत्या दाण्यात पाणी जास्त शिरते आणि दाणा ओला असताना चांगला फुगतो. वाळताना पाणी जाते, फुगलेली साल सैल पडते, आणि सुरकुत्या येतात. गोल दाण्याच्या कोरड्या वजनाचा जवळपास निम्मा भाग स्टार्चचा असतो. सुरकुतलेल्यात तो तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो, आणि त्यातही सरळ माळेचा अमायलोज दोन तृतीयांशांच्या घरात जातो.

बाजारात 'गोड' म्हणून खपणारा हिरवा वाटाणा बहुधा याच सुरकुतलेल्या वंशाचा असतो. आपल्याकडे सर्रास पेरला जाणारा 'अर्केल' सुरकुतलेल्या बियांचा आहे. उसळीसाठी किराणा दुकानातून आणतो तो पांढरा वाटाणा गोल. कृषी सेवा केंद्रातून मूठभर अर्केलचे बी आणि दुकानातून मूठभर पांढरा वाटाणा आणला की मेंडेलचा धडा टेबलावर मांडता येतो. (बियाण्याला औषध चोळलेले असते, तेव्हा हात धुवायला लावावेत आणि चव घेऊ देऊ नये.)

येथेच पाठ्यपुस्तकातील 'प्रभावी' आणि 'अप्रभावी' या शब्दांची परीक्षा होते. मोठा आणि छोटा 'आर' दोन्ही असलेला दाणा गोल दिसतो. म्हणून गोल प्रभावी. पण सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते? आर. पी. ग्रेगरी यांनी १९०३ सालीच दाखवले होते की गोल दाण्यातले स्टार्चचे कण सलग आणि लांबट असतात, तर सुरकुतलेल्यातले अनेक भागांत फुटल्यासारखे संयुक्त असतात. पुढे डार्बिशायर यांनी १९०८ मध्ये संकरित दाण्यांतले कण तपासले, तर ते मधल्या प्रकारचे निघाले. म्हणजे दाण्याच्या बाह्य आकारात प्रभावी असलेला गुण कणाच्या आकारात तसा राहत नाही. निम्म्या विकरावर दाणा गोल राहू शकतो, कण मात्र पूर्ण गोष्ट सांगून टाकतो. तेव्हा जनुकात अधिकार गाजवण्याचा काही स्वभाव असतो, ही मुलांची समजूत मोडण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण नाही. शंभर वर्षांहून जुने असूनही ते आपल्या वर्गांत पोहोचलेले नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

आणखी एक. सुरकुत्यांचे जनुक एकच नाही. स्टार्च बनवण्याच्या वाटेवर आधीची एक पायरी आहे, तिचे विकर बिघडले तरी दाणा सुरकुततो. या दोन वेगवेगळ्या बिघाडांची सुरकुतलेली रोपे एकमेकांशी संकरित केली तर पहिल्या पिढीतले सगळे दाणे गोल निघतात! दोन अप्रभावी पालकांची प्रभावी मुले. निव्वळ अक्षरे शिकलेला विद्यार्थी येथे गडबडतो. स्टार्चची वाट शिकलेला म्हणतो, एकाने एक विकर आणले, दुसऱ्याने दुसरे, काम पूर्ण झाले.

आता जमिनीखाली जाऊ. बटाटा, रताळे, सुरण, हळद यांना आपण सरसकट कंदमुळे म्हणतो. त्यांतले रताळे खरे मूळ, बटाटा आणि हळद जमिनीखालची खोडे. हा फरक वनस्पतिशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत महत्त्वाचा असला तरी स्टार्चला त्याचे फारसे सोयरसुतक नाही. पानात तयार झालेली साखर सुक्रोजच्या रूपाने खाली येते, कंदाच्या पेशीत फोडली जाते, आणि एका रंगहीन पेशी-अंगकात शिरते. तेथे ग्लुकोजला ऊर्जेची एक खूण चिकटवून 'एडीपी-ग्लुकोज' बनवले जाते. ही पायरी म्हणजे स्टार्चच्या गिरणीचे दार. त्यानंतर माळा ओवणारी विकरे, फांद्या फोडणारी विकरे, वेड्यावाकड्या फांद्या छाटणारी विकरे आणि खुद्द कणाला चिकटून राहून अमायलोज ओवणारे एक खास विकर. वाटाण्यात आणि कंदात यंत्रणा मूळची तीच. मग मेंडेलचा ३:१ कंदमुळांतही का दिसू नये?

नांदेड जिल्ह्यातील मुदखेडचे उदाहरण घेऊ. आदिलाबादकडे रेल्वेचा फाटा फुटतो ते हे गाव. शेजारी अर्धापूर. हा पट्टा हळदीचा आणि केळीचा. 'अर्धापुरी' हे तर केळीच्या वाणाचेच नाव आहे. येथील शाळेत आनुवंशिकता शिकणाऱ्या मुलाच्या घरी हळद असण्याची शक्यता बरीच, वाटाणा असण्याची फार कमी. त्या मुलाने कधी हळदीचे बी पेरलेले पाहिले आहे काय? केळीचे? दोन्ही पिके त्रिगुणित आहेत. त्यांच्या पेशीत प्रत्येक गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती असतात. हळदीत एकूण ६३ गुणसूत्रे, म्हणजे २१ तिकड्या. युग्मक तयार होताना जोड्या लागायच्या असतात. तिघांची जोडी लागणार कशी? प्रत्येक तिकडीतली दोन गुणसूत्रे एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला, असे ढोबळमानाने धरले, तर सर्वच्या सर्व २१ तिकड्यांची विभागणी एकाच बाजूने जुळण्याची शक्यता २ च्या २० व्या घातात एक, म्हणजे सुमारे दहा लाखांत एक. हा हिशेब अकरावी-बारावीचा विद्यार्थी पाच मिनिटांत करील. निसर्ग इतका काटेकोर नसतो आणि गुणसूत्रांची संख्या थोडी इकडेतिकडे झालेले बी क्वचित रुजतेही. कोझिकोडच्या भारतीय मसाला संशोधन संस्थेने अशा बियांच्या रोपांतूनच 'प्रभा' आणि 'प्रतिभा' हे वाण निवडले. पण शेतकऱ्याच्या बांधावर हळद लागते ती बेण्यानेच: जेठे गड्डे, बगल गड्डे, हळकुंडे.

आता पाठ्यपुस्तकाचा नियम तेथे लावून पाहा. संकर नाही, दुसरी पिढी नाही, तेव्हा ३:१ चा प्रश्नच नाही. गेल्या वर्षीचे बेणे आणि यंदाचे पीक जनुकांच्या दृष्टीने एकच. शेतभर उभी असलेली हळद म्हणजे एका झाडाच्या हजारो प्रती. म्हणून कंदकुजीसारखा रोग शिरला की त्याला थांबवायला वेगळ्या जनुकांचे एकही रोप मध्ये नसते. हळद उत्पादकाच्या मुलाला आनुवंशिकतेतून खरोखर कळायला हवे असेल तर ते हे, आणि नेमके हेच धड्यात नाही.

बटाट्याला बी येते, तरी तेथेही ३:१ ची अपेक्षा फसते. बटाट्यात प्रत्येक गुणसूत्राच्या चार प्रती, एकूण ४८. समजा एका जनुकाच्या चारपैकी दोन प्रती चांगल्या आणि दोन बिघडलेल्या आहेत. युग्मकात चारांतल्या दोन जातात. चारांतून दोन निवडण्याच्या रीती सहा, आणि दोन्ही बिघडलेल्या येण्याची रीत एकच. स्वपरागण झाले तर दोन्हीकडून बिघडलेले युग्मक येण्याची शक्यता छत्तिसांत एक. म्हणजे गुणोत्तर ३५:१. रताळ्यात तर सहा प्रती, ९० गुणसूत्रे. तीन चांगल्या, तीन बिघडलेल्या धरल्या तर सहांतून तीन निवडण्याच्या रीती वीस, आणि चौकटीत ३९९:१ येते. (रताळे सहसा स्वतःच्या परागाने फळत नाही, तेव्हा हे कागदावरचेच गणित समजावे.) मेंडेलचे तत्त्व येथेही अभंग आहे, फक्त ३:१ हा तत्त्वाचा भाग नसून दोन प्रतींच्या पिकाचा भाग आहे. आमच्या मते ही एक गोष्ट धड्यात दोन ओळींत सांगता आली असती.

या चार प्रतींच्या भिंतीआडून स्टार्चचा बिघाड कसा शोधला, ही हकिकत तर वर्गात सांगावी अशीच आहे, कारण त्यातले हत्यार म्हणजे आपले आयोडीन. अमायलोजची माळ पेंचदार असते, तिच्या पोकळीत आयोडीन जाऊन बसते आणि गडद निळा रंग येतो. अमायलोपेक्टिनच्या आखूड फांद्यांत आयोडीन नीट बसत नाही. रंग तांबूस येतो. नेदरलँड्समधील संशोधकांनी बटाट्याचे असे रोप घेतले की ज्यात चारऐवजी गुणसूत्रांची एकच प्रत होती. त्याच्या पानांवर क्ष-किरण सोडले, प्रयोगशाळेत इवलेसे कंद धरवले, आणि हजारो कंद कापून प्रत्येकावर आयोडीन टाकले. निळ्यांच्या त्या रांगांत एक तांबडा निघाला. त्यात अमायलोज ओवणारे विकर नव्हते. १९८७ साली हा शोध प्रसिद्ध झाला. एकाच प्रतीचे रोप का घेतले, हा प्रश्न विद्यार्थ्यांना टाकावा. ज्याला ३५:१ समजला असेल तो लगेच सांगेल.

साबुदाण्याच्या कंदाची, म्हणजे कसाव्याची, गोष्टही अशीच. त्यात दोनच प्रती असतात. कोलंबियातील आंतरराष्ट्रीय उष्णप्रदेशीय शेती केंद्रात स्वपरागणाने रोपे वाढवून त्यांच्या कंदांवर आयोडीन टाकत गेल्यावर अमायलोज नसलेला कसावा सापडला. तो २००७ मध्ये जाहीर झाला. आपल्याकडे तिरुवनंतपुरमजवळ श्रीकार्यम येथे १९६३ पासून केंद्रीय कंद पिके संशोधन संस्था आहे. तिने 'श्री हर्षा' हा जास्त स्टार्चचा वाण मुद्दाम त्रिगुणित करून मिळवला. हळदीला निसर्गाने जे दिले ते कसाव्याला माणसाने दिले म्हणायचे. आपल्या उपवासाचा साबुदाणा येतो तो मुख्यतः तमिळनाडूतील सेलमच्या कारखान्यांतून, आणि मराठवाड्यात सर्वांत जास्त लागणारी हळदही 'सेलम' याच नावाची. एका गावाचे नाव असे दोन वेगळ्या वाटांनी आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसले आहे.

अमायलोज नसेल तर काय बिघडते? शिजलेला स्टार्च गार झाला की अमायलोजच्या सरळ माळा एकमेकींना चिकटून पुन्हा आवळतात. गार भात ताठतो तो प्रामुख्याने यामुळे. कागद आणि खळ यांच्या कारखान्यांना असा आवळणारा स्टार्च नको असतो. त्यासाठी जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने 'अॅमफ्लोरा' नावाचा बटाटा केला. त्यात अमायलोजच्या जनुकाच्या चारही प्रती एकदम गप्प केल्या होत्या. युरोपीय आयोगाने मार्च २०१० मध्ये त्याला परवानगी दिली, विरोध वाढल्यावर २०१२ मध्ये कंपनीनेच तो युरोपात मागे घेतला, आणि डिसेंबर २०१३ मध्ये तेथील न्यायालयाने मूळ परवानगी रद्द ठरवली. बटाटा वाईट होता असे न्यायालय म्हणाले नाही. परवानगी देण्याची रीत नियमाला धरून नव्हती, असे म्हणाले. वर्गातील चर्चेत हा फरक धूसर होऊ देऊ नये, दोन्ही बाजूंच्या वक्त्यांनी.

आमची दुसरी टीका पाठ्यपुस्तकापेक्षा वर्तमानपत्री विज्ञानावर आहे. 'अमुक गुणाचे जनुक सापडले' या थाटाची बातमी वाचली की वाचकाला वाटते, आता ते जनुक जास्त घातले की तो गुण वाढणार. स्टार्चचा इतिहास याला चांगला उतारा आहे. वर ज्याला आम्ही गिरणीचे दार म्हटले, ते एडीपी-ग्लुकोज बनवणारे विकर घ्या. १९९२ साली जर्मनीतील एका गटाने बटाट्यात ते जवळजवळ बंद पाडले. स्टार्च नावापुरता उरला आणि कंदात साखर साठली. येथवर अपेक्षेप्रमाणेच. पण झाडाला लागणारे कंद संख्येने वाढले, हे कोणी मागितले नव्हते. त्याच वर्षी अमेरिकेत उलटा प्रयोग झाला. बटाट्याच्या स्वतःच्या विकराला पेशीतले इतर पदार्थ लगाम घालतात, म्हणून आतड्यातल्या एका जिवाणूचे असा लगाम न मानणारे विकर बटाट्यात घातले. स्टार्च ठळकपणे वाढला आणि मोठी आशा निर्माण झाली. मात्र १९९६ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी दुसऱ्या वाणाच्या बटाट्यात तेच करून पाहिले, तेव्हा दारातून आत जाणारा माल वाढला, पण आत स्टार्च मोडण्याचा वेगही वाढला. हिशेब अखेर होता तेथेच. एक दार मोठे केल्याने कोठार मोठे होत नाही. कंदाला स्टार्च साठवायचाही असतो आणि पुढल्या पावसात कोंब फुटताना तो मोडायचाही असतो. मोडणारी विकरेही त्याच्याच जनुकांची. रताळे मंद विस्तवावर भाजले की गोड होते ते अशाच एका विकराने फुगलेल्या स्टार्चची साखर केल्यामुळे. शीतगृहातल्या बटाट्याचे वेफर तपकिरी होतात, कारण थंडीत स्टार्च मोडून साखर होते. म्हणून तर १९९८ मध्ये 'कुफ्री चिप्सोना' हे वेफरसाठीचे खास वाण आणावे लागले.

हे सर्व हळदीच्या शेतकऱ्याशी थेट भिडते. हळदीची चर्चा होते ती रंगाची आणि कुर्कुमिनची. वाळलेल्या हळकुंडात कुर्कुमिन असते काही थोडे टक्के. वजनाचा सर्वांत मोठा वाटा स्टार्चचा. साधारण पाच क्विंटल ओल्या हळदीची एक क्विंटल वाळलेली होते, हा हिशेब गावात कोणीही सांगेल. त्या एका क्विंटलमध्ये मुख्यतः काय असते, हे मात्र शाळेने सांगायला हवे. 'जास्त उताऱ्याचे' म्हणून बेणे विकायला आले, तर त्यावर विचारायचा प्रश्नही आनुवंशिकतेचाच आहे: हा उतारा बेण्याच्या जनुकांचा, की ज्या शेतातून ते आले त्या जमिनीचा, पाण्याचा आणि उशिरा केलेल्या काढणीचा? पाने पिवळी पडेपर्यंत कंदात स्टार्च भरत असतो. घाईने काढलेली हळद त्याच वाणाची असूनही उताऱ्याला कमी भरते. दोन्ही बेणी एकाच वाणाची असतील तर जादा पैसे जनुकांसाठी मोजले जात नाहीत. खात्री करायची एकच सोपी रीत आहे. दोन्ही बेणी एकाच वाफ्यात शेजारी-शेजारी लावायची, एकाच दिवशी काढायची, सारखी शिजवून वाळवायची आणि वजन करायचे. नववीचा वर्ग हे एका हंगामात करू शकतो, आणि चौकटी भरण्यापेक्षा त्यातून आनुवंशिकता अधिक कळेल असे आम्हांस वाटते.

हळद शिजवणे हेही स्टार्चचेच प्रकरण. पूर्वी मोठ्या कढईत, आता बहुतेक ठिकाणी वाफेच्या कुकरमध्ये हळद शिजते. फेस येतो, ओळखीचा वास सुटतो, काडी सहज आत शिरते. त्या वेळी आत स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि त्यांची खळ होते. कोंब मरतात, रंग सगळीकडे सारखा पसरतो. वाळताना ती खळ शिंगासारखी घट्ट होते, म्हणून चांगले हळकुंड मोडले की खणखणीत वाजते.

याच ठिकाणी शाळेतली अर्धवट आयोडीन-परीक्षा नुकसान करू शकते. दुधातील पिठाची भेसळ आयोडीनने ओळखायची, हे विद्यार्थ्यांना पाठ असते. दुधात स्टार्च नसतोच, म्हणून तेथे ती परीक्षा चालते. तीच हळदपुडीला लावण्याचा मोह होतो. निर्भेळ हळदपूड आयोडीनने काळवंडणारच, कारण स्टार्च हा तिचा स्वतःचाच आहे. विज्ञान प्रदर्शनात मांडलेल्या अशा एखाद्या 'भेसळ ओळखा' प्रयोगातून मुदखेडच्या मुलाने आपल्याच घरच्या हळदीला खोटे ठरवावे, याहून वाईट काय!

खरी तपासणी शाळेच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली होऊ शकते, आणि तिला रंगापेक्षा आकार पाहावा लागतो. ओली कच्ची हळद किसून पाण्यात कालवावी, फडक्यातून गाळावी, गाळलेले पाणी अर्धा तास स्थिर ठेवावे. तळाशी फिकट साका बसतो. वरचे पाणी ओतून दोन-तीनदा धुतल्यावर त्यातला थेंब काचपट्टीवर घ्यावा आणि औषधाच्या दुकानातले टिंक्चर आयोडीन पुष्कळ विरळ करून कडेने सोडावे. चपटे, लांबट कण एकेक सुटे दिसतात. नंतर घरच्या शिजवून वाळवलेल्या हळकुंडाची पूड तशीच पाहावी. सुटे कण जवळजवळ दिसत नाहीत. आयोडीनने गडद झालेले, आकार हरवलेले गोळे दिसतात, कारण कण शिजताना फुटून गेलेले असतात. आता त्या पुडीत चिमूटभर मक्याचे पीठ मुद्दाम मिसळून पुन्हा पाहावे. गोळ्यांच्या गर्दीत न शिजलेले कोनेदार कण स्पष्ट उठून दिसतात. तांदळाचे पीठ मिसळले तर कण फारच बारीक दिसतात. अर्थात न शिजवता वाळवून दळलेल्या हळदीतही सुटे कण असतातच, तेव्हा मक्याचे कोनेदार आणि हळदीचे चपटे कण आधी वेगवेगळे पाहून मुलांकडून त्यांची चित्रे काढून घ्यावीत.